कप्तान फ्लिंडर्स आणि त्याचें मांजर

मराठींत मांजर, कोंकणींत माजर आणि संस्कृतांत मार्जार. ‘मृज्’ या धातूचा अर्थ पुसणें, स्वच्छ करणें. जो प्राणी सदैव आपलें अंग चाटूनपुसून निर्मळ ठेवतो तो मार्जार. नांव देतांना आमच्या पूर्वजांनीं या प्राण्याचा एक गुण अचूक हेरला, परंतु म्हणी रचण्याची वेळ आली तेव्हां त्याच्या वाट्याला बहुतेक दोषच आले. मांजर डोळे मिटून दूध पितें आणि आपल्याला कोणी पाहत नाहीं असें समजतें. शिंकें तुटतें तें बोक्याच्या नशिबानें. मांजर आडवें गेलें कीं शहाणासुरता मनुष्यहि क्षणभर थबकतो. गोठ्यांतल्या गाईला नांव असतें, दारांतल्या कुत्र्याला असतें; मांजराचें बहुधा ‘मनी’ नाहीं तर ‘बोका’ एवढ्यावरच भागतें. साताऱ्यानजीक संगम माहुली येथें छत्रपति शाहूंच्या आवडत्या कुत्र्याची समाधि आजहि दाखवितात. मांजराला असा मान आपल्याकडे सहसा मिळत नाहीं.

शास्त्रकारांचीहि दृष्टि कांहीं निराळी नाहीं. ढोंगी धार्मिकाला मनूनें ‘बैडालव्रतिक’ म्हणजे मांजराचें व्रत पाळणारा असें म्हटलें आहे. महाभारताच्या उद्योगपर्वांत गंगातीरीं हात उंच करून तप करणाऱ्या आणि विश्वासानें जवळ आलेले उंदीर एकेक करून गट्ट करणाऱ्या मांजराची कथा येते. महाबलिपुरम् येथें सातव्या शतकांत पल्लव शिल्पकारांनीं जो प्रचंड शिलापट कोरला, त्यांतहि एक मांजर पुढचे पाय वर करून तपश्चर्येला उभें आहे आणि त्याच्या पायांशीं उंदीर खेळत आहेत. शांतिपर्वांत भीष्म युधिष्ठिराला पलित नांवाचा उंदीर आणि लोमश नांवाचें मांजर यांची गोष्ट सांगतात. संकटांत दोघांची मैत्री होते, उंदीर मांजराचा पाश कुरतडतो, परंतु तो अगदीं शेवटच्या क्षणीं, व्याध समोर दिसूं लागल्यावर. पुढें मांजर मैत्रीच्या आणाभाका घेऊं लागतें तेव्हां पलित बिळांतूनच नमस्कार करतो. गरज सरली, मैत्री सरली, हा त्या कथेचा बोध.

तथापि याच परंपरेंत मांजराचें दुसरेंहि एक चित्र आहे. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांमध्यें शरणागतीच्या स्वरूपाविषयीं मोठा वाद झाला आणि तो सोप्या शब्दांत सांगण्यासाठीं दोन न्याय योजले गेले. वानराचें पिल्लूं आईच्या पोटाला आपल्या बळानें घट्ट धरून राहतें, तो मर्कटन्याय. मांजराचें पिल्लूं कांहींच करीत नाहीं. आईच त्याला अलगद तोंडांत धरून सुरक्षित जागीं नेते, तो मार्जारन्याय. वेदान्तदेशिकांच्या अनुयायांनीं पहिला न्याय मानला, पिळ्ळै लोकाचार्यांच्या अनुयायांनीं दुसरा. ज्या प्राण्याला मनूनें ढोंगाचें प्रतीक केलें, त्याच प्राण्याच्या आईपणांत भक्तांना भगवंताची अहेतुक कृपा दिसली. षष्ठीदेवी ही लेंकुरांची रक्षणकर्ती. तिचें वाहनहि मांजरच. आणि हातून मांजर मेलें तर काशीस सोन्याचें मांजर वाहावें लागतें, हा धाक आपल्या आजीनें आपल्यांतील कोणास घातला नसेल?

तेव्हां मनुष्य आणि मांजर यांचें नातें केवळ दुधापुरतें व उंदरांपुरतें आहे, कीं त्यांत आणखी कांहीं आहे, हा प्रश्न आपल्याच परंपरेनें अर्धवट उघडा ठेवला आहे. त्याचा विचार करतांना एका आंग्ल दर्यावर्दीची हकीकत फार उपयोगी पडते. ती हकीकत हिंदी महासागरांत घडली, तिचा एक धागा मुंबई बंदरास लागतो आणि जेथें तिचा शेवट झाला तेथें पुढें आपलीच माणसें जाऊन वसलीं. म्हणून ती या पानांवर मांडण्याचें योजिलें आहे.

हें नातें किती जुनें आहे तें प्रथम पाहूं. २००४ सालीं सायप्रस बेटावरील एका उत्खननाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याच्या थडग्यापासून अवघ्या हातभर अंतरावर एका मांजराला निराळा खड्डा खणून पुरलेलें तेथें आढळलें. सायप्रसमध्यें रानमांजर मूळचें नाहीं. म्हणजे कोणी तरी तें होडींतून समुद्रापार नेलें असलें पाहिजे. २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं जगांतील मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना केली आणि घरोघरचीं मांजरें पश्चिम आशियाकडील रानमांजरांपासून उत्पन्न झालीं असा निष्कर्ष काढला. मनुष्य शेती करूं लागला, धान्याचीं कोठारें भरूं लागला. कोठारांमागून उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर. गाय, घोडा, कुत्रा यांना मनुष्यानें आपल्या कामाला जुंपलें. मांजर बहुधा आपण होऊनच उंबऱ्यापर्यंत चालत आलें, आणि मनुष्यानें त्याला राहूं दिलें. या नात्यांत हुकूम कमी आणि संमति अधिक, हें त्याचें वैशिष्ट्य तेव्हांपासूनचें आहे.

कोठारांमागून मांजर जहाजांवरहि गेलें. शिडांच्या जहाजांवर बिस्किटांचीं पोतीं, दोरखंड आणि कापड यांचे उंदीर हे मोठे वैरी. म्हणून जहाजावर मांजर हवेंच. असेंच एक मांजर इंग्रजी आरमाराच्या ‘रिलायन्स’ या जहाजावर, केप ऑफ गुड होपहून ऑस्ट्रेलियाकडे जातांना, भर समुद्रांत जन्मास आलें. तें साल १७९९ होतें असें त्याच्या धन्यानें लिहून ठेवलें आहे. रंग काळाभोर, चारी पाय जणूं बर्फांत बुडवून काढल्यासारखे पांढरे, छातीवर एक पांढरा तारा. लहान असतांना तें एकदां समुद्रांत पडलें. परंतु पोहत जहाजापर्यंत आलें आणि वरून सोडलेल्या दोरावर चढून पुन्हां फळीवर आलें. त्याच्या धन्यानें त्याचें नांव ठेवलें ट्रिम. लॉरेन्स स्टर्न याच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरींत एक अतिशय प्रेमळ व इमानी सेवक आहे, त्याचें हें नांव.

हा धनी म्हणजे मॅथ्यू फ्लिंडर्स. जन्म १७७४ चा, लिंकनशायरमधील डॉनिंग्टन गांवचा, बाप शस्त्रवैद्य. ‘रॉबिन्सन क्रूसो’ वाचून त्याला समुद्राचें वेड लागलें आणि पंधराव्या वर्षीं तो आरमारांत शिरला. १७९८-९९ मध्यें जॉर्ज बास या मित्रासह एका लहानशा गलबतांतून टास्मानियाला प्रदक्षिणा घालून तें बेट आहे, मुख्य भूमीचा भाग नव्हे, हें त्यानें सिद्ध केलें. पुढें त्या दक्षिण भूखंडाचा संपूर्ण किनारा मोजण्याची मोहीम सरकारनें त्याच्या स्वाधीन केली. त्यासाठीं ‘इन्व्हेस्टिगेटर’ हें जहाज सज्ज झालें.

निघण्यापूर्वीं तीन महिने, १८०१ च्या एप्रिलांत, फ्लिंडर्सनें अॅन चॅपेल हिच्याशीं विवाह केला. तिला बरोबर न्यावें असा त्याचा बेत होता, परंतु आरमाराच्या अधिकाऱ्यांस ही गोष्ट कळतांच त्यांनीं स्पष्ट नकार दिला. पत्नी किंवा मोहीम यांपैकीं एकाची निवड करणें भाग पडलें. १८ जुलै १८०१ रोजीं जहाजानें नांगर उचलला. पत्नी मागें राहिली. मांजर मात्र बरोबर गेलें. मांजराला परवानगी लागत नव्हती. फ्लिंडर्स आणि अॅन यांची पुनर्भेट होण्यास नऊ वर्षें लागतील हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

या प्रवासांतील ट्रिमच्या लीला फ्लिंडर्सनें पुढें लिहून काढल्या. जेवणाच्या टेबलावर ट्रिम सर्वांच्या आधीं येऊन बसे. परंतु हावरेपणा करीत नसे. प्रत्येकाकडून एकेक घांस मिळावा एवढीच त्याची अपेक्षा, आणि ती पुरी झाली नाहीं तर तो कांट्यावरचा तुकडा इतक्या सफाईनें उचलून नेई कीं ज्याचा गेला त्यालाच हसूं येई. शिडें आवरण्याचा हुकूम सुटला कीं दोरांच्या शिडीवर खलाशांच्या आधीं ट्रिम चढलेला. अधिकारी ताऱ्यांचे वेध घेत तेव्हां तो कालमापकाजवळ बसून कांट्याची गति न्याहाळी आणि पंजानें तो कांटा पकडावयास पाही. धन्यानें थट्टेनें त्याला ज्योतिषशास्त्राचा जिज्ञासू म्हटलें आहे. ऑस्ट्रेलियाचा मूळ रहिवासी बुंगारी हाहि त्या जहाजावर होता. तहान लागली कीं ट्रिम बुंगारीकडे जाऊन ओरडे आणि पाण्याच्या पिंपाकडे उडी मारी. बुंगारीनें फ्लिंडर्सला अनेक किनाऱ्यांवर तेथील लोकांशीं मध्यस्थ म्हणून फार मोठी मदत केली. जुलै १८०२ ते जून १८०३ या काळांत ‘इन्व्हेस्टिगेटर’नें त्या खंडाला प्रदक्षिणा पूर्ण केली तेव्हां जहाजाच्या फळ्या कुजून गेल्या होत्या आणि कित्येक खलाशी आजारानें दगावले होते. कप्तान, बुंगारी आणि मांजर सुखरूप होते.

येथपर्यंत हें सारें एखाद्या बोधकथेसारखें गोड आहे. यापुढची हकीकत तशी नाहीं.

नवें जहाज आणण्यासाठीं फ्लिंडर्स ‘पॉर्पस’ जहाजानें प्रवासी म्हणून इंग्लंडास निघाला. बरोबर ‘केटो’ आणि ‘ब्रिजवॉटर’ हीं दोन व्यापारी जहाजें होतीं. १७ ऑगस्ट १८०३ च्या रात्रीं पॉर्पस आणि केटो पोंवळ्याच्या खडकांवर आदळून फुटलीं. ब्रिजवॉटर वांचलें, परंतु त्याचा कप्तान बुडालेल्यांकडे पाठ फिरवून हिंदुस्थानाकडे निघून गेला आणि दोन्ही जहाजें माणसांसह नाश पावलीं अशी बातमी त्यानें इकडे पसरविली. पुढें तेंच ब्रिजवॉटर मुंबईहून इंग्लंडला निघालें तें कधींच पोंचलें नाहीं. जे बुडाले म्हणून सांगितलें ते वांचले, आणि ज्यानें सांगितलें तो बुडाला.

वांचलेले सुमारें ऐंशी लोक वाळूच्या एका उघड्या पट्टीवर राहिले. फ्लिंडर्स तेरा सोबत्यांसह एका उघड्या होडींतून निघाला आणि सातशेंहून अधिक मैल समुद्र कापून १३ दिवसांत सिडनीस पोंचला. तो मदत घेऊन परत येईपर्यंत सहा आठवडे लोटले. तेवढे दिवस ट्रिम वाळूवर त्या लोकांबरोबर राहून त्यांचें मन रमवीत होता. तेथून बहुतेकांना मोठीं जहाजें मिळालीं. फ्लिंडर्स मात्र ‘कंबरलंड’ नांवाच्या अवघ्या २९ टनांच्या गलबतांतून इंग्लंड गांठावयास निघाला. ट्रिमनें मोठें जहाज सोडून आपल्याबरोबर येणें पसंत केलें, असें तो अभिमानानें सांगतो.

कंबरलंड गळूं लागलें. रात्रंदिवस पंप चालूनहि पाणी आवरेना, तेव्हां डिसेंबर १८०३ मध्यें फ्लिंडर्स फ्रेंचांच्या ताब्यांतील ईल द फ्रान्स, म्हणजे आजचें मॉरिशस, या बेटाला लागला. इंग्लंड आणि फ्रान्स यांचें युद्ध मे महिन्यांतच पुन्हां पेटलें होतें. त्याला त्याचा पत्ताहि नव्हता. शास्त्रीय मोहिमेसाठीं फ्रेंच सरकारनेंच दिलेला परवाना त्याच्याजवळ होता, पण तो ‘इन्व्हेस्टिगेटर’च्या नांवचा. शिवाय सिडनीच्या गव्हर्नरानें लंडनास पाठविलेले सरकारी लखोटे त्याच्यापाशीं सांपडले. बेटाचा गव्हर्नर जनरल देकाँ याला हा हेर आहे असा संशय आला. तो अगदींच अवाजवी होता असें म्हणतां येत नाहीं. परंतु त्यांत भर पडली ती दोघांच्या मानीपणाची. गव्हर्नराच्या घरून भोजनाचें आमंत्रण आलें तें फ्लिंडर्सनें, मी कैदी असतांना येणार नाहीं, असें कळवून परतविलें. त्या एका नकाराची किंमत त्याला साडेसहा वर्षें मोजावी लागली. फ्रान्सहून सुटकेस संमति आल्यावरहि देकाँनें ती अंमलांत आणली नाहीं.

या कैदेंत त्याचा एक जुना सोबती बरोबर होता, तो ट्रिम. १८०४ मध्यें फ्लिंडर्सला दुसऱ्या बंदिगृहांत हलविण्याची वेळ आली. तेथें मांजराचा निभाव कसा लागेल याची चिंता त्याला पडली. एका फ्रेंच बाईनें आपल्या लहान मुलीला सोबत म्हणून ट्रिमला मागितलें. मांजर सुखांत राहील या विचारानें त्यानें तें दिलें. पंधरवडा उलटण्याच्या आंतच ट्रिम नाहींसा झाला. वर्तमानपत्रांत जाहिरात आली. शोधून देणाऱ्यास दहा स्पॅनिश डॉलरांचें बक्षीस लावण्यांत आलें. त्याचा पुन्हां कधीं माग लागला नाहीं.

पांच वर्षांनंतर, १८०९ मध्यें, कैदेंतच बसून फ्लिंडर्सनें ट्रिमचें चरित्र लिहिलें. तें लहानसें आहे, विनोदी आहे आणि राजेरजवाड्यांच्या चरित्रांचा थाट त्यानें मुद्दाम उचलला आहे. कुळ, जन्म, शिक्षण, पराक्रम, मृत्यु आणि शेवटीं समाधिलेख, असा तो सर्व क्रम आहे. परंतु समाधिलेखापर्यंत येतां येतां विनोदाचा रंग पालटतो. न्याय, माणुसकी आणि फ्रेंच राष्ट्राचें वचन यांना धाब्यावर बसवून आपल्याला बंदींत ठेवलें, ही जी तक्रार फ्लिंडर्सनें स्वतःविषयीं वर्षानुवर्षें अर्जांतून केली, तीच येथें तो मांजराच्या नांवावर मांडतो. स्वतःचें दुःख सांगण्याची आरमारी अधिकाऱ्याला लाज; मांजराचें दुःख सांगण्यास ती आड येत नाहीं. जो शोक मनुष्याला स्वतःसाठीं करतां येत नाहीं तो त्याला पाळीव प्राण्यासाठीं करतां येतो. या नात्याचें हें एक मोठें रहस्य आहे, आणि या चरित्रांत तें स्पष्ट दिसतें.

मात्र इतिहास सांगणारानें येथें एका गोष्टीवर बोट ठेविलेंच पाहिजे. ट्रिम कोठें गेला याचा कांहींच पुरावा नसतां फ्लिंडर्सनें असा तर्क केला कीं, कोणा भुकेल्या काळ्या गुलामानें त्याला शिजवून खाल्लें असावें. त्या बेटावर तेव्हां हजारों गुलाम ऊंसाच्या मळ्यांत आणि धन्यांच्या घरीं राबत होते. त्यांच्यासाठीं जाहिरात आली ती पळून गेलेल्यांना पकडून आणण्याची. साडेसहा वर्षांच्या कैदेला अन्याय म्हणणाऱ्या या सहृदय मनुष्यानें, जन्मभराच्या कैदेंत पडलेल्या माणसावर पुराव्याविना आळ घेतला. आळ खोटा असेल तर तो अन्याय; आणि खरा असेल तर त्या माणसाची भूक हाच अधिक मोठा अन्याय. प्राण्यावरील प्रेम मनुष्याचें हृदय मृदु करतें हें खरें, परंतु तें आपोआप सर्व दिशांनीं मृदु होत नाहीं.

या संदर्भांत दुसऱ्या एका मांजराची आठवण होते. इंग्रजी शब्दकोशाचा कर्ता डॉ. सॅम्युअल जॉन्सन याच्यापाशीं हॉज नांवाचें मांजर होतें. तें म्हातारें झाल्यावर जॉन्सन त्याच्यासाठीं कालवें विकत आणी, आणि तीं आणावयास स्वतः जाई. बॉस्वेलनें १७९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या जॉन्सनचरित्रांत याचें कारण दिलें आहे: नोकरांना हें काम सांगितलें तर ते त्या मुक्या जीवावर डूख धरतील. जॉन्सनची स्नेही श्रीमती पियोत्झी हिनें १७८६ सालींच आणखी एक कारण नोंदविलें होतें. जॉन्सनचा सेवक फ्रान्सिस बार्बर हा जमेकांत गुलामीत जन्मलेला कृष्णवर्णीय मनुष्य होता. एका चतुष्पादाच्या सेवेला आपल्याला लावलें असें त्याला वाटूं नये, म्हणून जॉन्सन स्वतःच बाजारांत जाई. पुढें मृत्युपत्रानें त्यानें आपल्या मिळकतीचा मोठा भाग याच बार्बरला दिला. एकाच शतकांतले हे दोन मांजरप्रेमी. एकानें मांजराची आवड जोपासतांना जवळ उभ्या असलेल्या माणसाचा मान राखला. दुसऱ्याला दुःखाच्या भरांत तो मान राखतां आला नाहीं. प्रेमाची परीक्षा प्रिय वस्तूपाशीं होत नाहीं. तिच्या आसपास जो उभा असतो त्याच्यापाशीं होते.

फ्लिंडर्स १८१० च्या जूनमध्यें सुटला आणि ऑक्टोबरांत मायदेशीं पोंचला. ट्रिमच्या चरित्रांत त्यानें एक साधी इच्छा लिहिली होती: आपल्या देशीं गवतानें शाकारलेलें एक घरकुल असावें, भोंवतीं थोडी जमीन असावी आणि तिच्या एकांत कोपऱ्यांत ट्रिमचें स्मारक उभारावें. घरकुलहि झालें नाहीं आणि स्मारकहि नाहीं. लंडनमध्यें भाड्याच्या जागा बदलीत, मूत्रपिंडाच्या दुखण्यानें जर्जर होऊन, तो आपल्या सफरीचा ग्रंथ लिहीत राहिला. त्या खंडाला ‘ऑस्ट्रेलिया’ म्हणावें हा त्याचा आग्रह पुढें सर्वांनीं मान्य केला. ग्रंथ १८ जुलै १८१४ रोजीं बाहेर पडला आणि दुसऱ्याच दिवशीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. मांजराच्या समाधीचें स्वप्न पाहणाऱ्या या मनुष्याची स्वतःची कबरहि पुढें हरवली. स्मशानभूमीचें रूपान्तर झालें, शेजारीं यूस्टन रेल्वेस्थानक वाढलें, आणि फ्लिंडर्स कोठें पुरला आहे हें कोणास सांगतां येईना.

त्याच्या मागें दोन वर्षांची एक मुलगी राहिली. १८५० नंतर ऑस्ट्रेलियांतील वसाहतींनीं फ्लिंडर्सच्या कुटुंबास निवृत्तिवेतन मंजूर केलें, तोंवर त्याची विधवा वारली होती. मुलीनें तें वेतन आपल्या मुलाच्या शिक्षणाकडे लावावयाचें ठरविलें. हा नातू म्हणजे इजिप्तच्या प्राचीन इतिहासाचा थोर संशोधक सर फ्लिंडर्स पेट्री. हेरोडोटस या ग्रीक लेखकानें इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत लिहून ठेवलें आहे कीं इजिप्तमध्यें घरचें मांजर मेलें तर घरांतील सर्व माणसें भुंवया काढून सुतक पाळीत. त्याच देशांत अॅबिडॉस येथील एका थडग्यांत पेट्रीला सतरा मांजरांचे सांगाडे सांपडले आणि जवळच छोटीं छोटीं मातीचीं भांडीं ओळीनें ठेवलेलीं आढळलीं. तीं दुधासाठीं असावींत असा त्यानें तर्क केला. आजोबांनीं मांजराचें चरित्र लिहिलें आणि नातवानें चार हजार वर्षांपूर्वींच्या मांजरांची दुधाचीं भांडीं उजेडांत आणलीं. इतिहासांत असे योगायोग क्वचितच घडतात.

ट्रिमचें चरित्र मात्र फ्लिंडर्सच्या कागदपत्रांत पडून राहिलें. तीं कागदपत्रें ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयांत गेलीं आणि तेथून हें लेखन १९७३ सालीं, म्हणजे लिहिल्यानंतर १६४ वर्षांनीं, प्रथम छापलें गेलें. त्यानंतर ट्रिमला दिवस पालटले. सिडनीच्या मिचेल ग्रंथालयाबाहेर फ्लिंडर्सचा पुतळा आहे. त्याच्यामागच्या खिडकीच्या कठड्यावर १९९६ सालीं ट्रिमची ब्राँझची मूर्ति बसविण्यांत आली. २०१४ मध्यें लंडनला फ्लिंडर्सचा पुतळा झाला, त्यांतहि मांजर जवळच आहे. जानेवारी २०१९ मध्यें नव्या रेल्वेमार्गासाठीं यूस्टनजवळ खोदकाम चालू असतां शिशाचा एक पत्रा असलेली शवपेटी मिळाली. पत्र्यावर फ्लिंडर्सचें नांव कोरलेलें होतें. जुलै २०२४ मध्यें त्याच्या अस्थि डॉनिंग्टन या त्याच्या जन्मगांवीं समारंभपूर्वक पुन्हां पुरण्यांत आल्या. मांजराचें स्मारक आधीं झालें, कप्तानाची कबर मागून सांपडली.

आणि ट्रिम जेथें हरवला तें बेट? इंग्रजांनीं १८१० च्या डिसेंबरांत तें जिंकलें. १८३५ मध्यें तेथील गुलामी कायद्यानें संपली. परंतु ऊंसाच्या मळ्यांना हात हवेच होते. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजुरांचीं जहाजें जाऊं लागलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले आपल्या कोंकणचे मराठी लोकहि होते. ज्या घाटाच्या पायऱ्यांवर ते उतरले, तो घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जात आहे. त्यांच्या वंशजांनीं भाषा राखली, भजन राखलें, गणपति राखला. गणेशचतुर्थीला त्या देशांत सर्वत्र सुट्टी असते. ज्या मजुराला वहींत एक क्रमांक दिला गेला, त्याच्या जागीं स्वतःला ठेवून पाहिलें कीं फ्लिंडर्सच्या त्या निनांवी गुलामाकडेहि आपल्याला निराळ्या दृष्टीनें पाहतां येतें.

आरंभीं जो प्रश्न मांडला होता त्याकडे आतां वळूं. पलित उंदीर म्हणाला कीं गरज सरली, मैत्री सरली. ट्रिमच्या बाबतींत तसें झालें नाहीं. कैदेंत धान्याचें कोठार नव्हतें, राखावयाचीं शिडें नव्हतीं. मांजराचा कप्तानाला उपयोग नव्हता आणि कप्तानाचा मांजराला फारसा नव्हता. तरीहि नातें राहिलें, आणि मांजर गेल्यावर तर तें अधिकच दृढ झालें. यालाच प्रेम म्हणावयाचें. मार्जारन्यायांत आई पिल्लाला तोंडांत धरून सुरक्षित जागीं नेते. फ्लिंडर्सनें आपलें मांजर जगाच्या पाठीवरून असेंच नेलें; शेवटची जागा मात्र सुरक्षित निघाली नाहीं. धरणाऱ्याचे स्वतःचेच हात बांधलेले होते. मनुष्याच्या कृपेची मर्यादा तेथें आहे, आणि म्हणूनच आपल्या आचार्यांनीं तो दृष्टांत मनुष्याला लावला नाहीं, भगवंताला लावला.

आज संध्याकाळीं देवळाच्या कोठीपाशीं, किंवा आपल्याच चुलीजवळ, एखादें मांजर पाय पोटाशीं घेऊन बसलेलें दिसेल. त्याला ढोंगी म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. आणि त्याच्यापुढें दूध ठेवतांना, तें दूध ज्यानें आणून दिलें त्याचें नांव आपल्याला ठाऊक आहे ना, एवढेंहि मनाशीं विचारून पाहावें.